आधी तुझ्याकडेच येतो

७ जानेवारी

प्रिय वन्सं,

फोनवर मी नुसतं ‘हं, हं’ करते आणि तुला वाटतं वहिनी फुगलीय. फुगले नाही गं. साथीतल्या त्या तापात डावा कान गेला तो गेलाच, आणि उजवा त्याची मर्जी असेल तेव्हा ऐकतो. मोबाईलवर तर तू डब्यात बसून बोलतेयस असं वाटतं. म्हणून कागद घेतला. तुझं अक्षर फळ्यावर शोभेल असं, माझं लाँड्रीतल्या कपड्यांवरच्या खुणांसारखं, तेव्हा सांभाळून घे.

आता मुद्द्याचं. मला इथून बाहेर पडायचंय. कायमचं.

दचकू नकोस, डोकं ठिकाणावर आहे. गुडघे दुखायला लागले म्हणून लाँड्री विकून आम्ही दोघं या निवासात आलो तेव्हा इथलं फाटक दिवसभर उघडं असायचं. तुझे दादा सकाळी कोपऱ्यावर चहा पिऊन यायचे, मी बाजारात उगाच भाव विचारत हिंडायचे. मग साथ आली. फाटक बंद झालं, ते ठीक. सगळ्या जगाची फाटकं बंद होती. पण साथ जाऊन जमाना झाला आणि आमचं फाटक अजून बंदच आहे. बाहेर जायचं तर पास हवा. पास हवा तर कारण हवं. ‘हिंडायला’ हे कारण त्यांच्या यादीत नाही. खिडक्यांना पट्ट्या ठोकल्यात, त्या वीतभरच उघडतात. खोल्यांच्या आतल्या कड्या काढून टाकल्यात, का, तर आम्ही आत पडलो तर दार फोडावं लागू नये. ‘तात्पुरते नियम’ असा फलक आहे जिन्यापाशी. तो ज्या खिळ्यावर लटकतोय तो खिळासुद्धा गंजलाय.

मी एक खोली बघून ठेवलीय. दाताच्या डॉक्टरकडे जायला पास मिळाला होता तेव्हा बघितली. दात तसाच राहिला. शिंपीणबाईंच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडे गॅलरी असलेली. शिंपीणबाईंना शिवलेले कपडे इस्त्री करून देणारं माणूस हवंय. मी त्यांच्यासमोर एक कॉलर करून दाखवली, तर त्या तिच्याकडे बघतच राहिल्या. म्हणजे सोयही झाली आणि कामही.

अडलंय ते एकाच ठिकाणी. इथे येताना आम्ही ‘जबाबदार नातेवाईक’ म्हणून तुझं नाव दिलं होतं. मूलबाळ नाही, मग दुसरं कोण? आता व्यवस्थापक म्हणतात, तुमच्या नणंदबाईंची लेखी संमती आणा, लगेच सोडतो. मी त्यांना साखरसाहेब म्हणते. बोलायला लागले की मुंग्या लागतील.

तर दोन ओळी लिहून पाठव. आयुष्यभर शाळेचं ऑफिस सांभाळलंस, अशा चिठ्ठ्या तू झोपेतही लिहिशील.

तुझी,
वहिनी


१९ जानेवारी

प्रिय वहिनी,

पत्र वाचून आधी हसले, मग परत वाचलं. कॉलर करून दाखवली म्हणे! या वयात तू दिवसभर इस्त्रीशी उभी राहणार? आणि चक्कर आली तर? आतून कडी लावलेली, तुला ऐकू येत नाही, शिंपीणबाई खाली मशिनवर.

राग आला तर येऊ दे, पण मी चिठ्ठी लिहिणार नाही.

तू त्या साहेबांची टिंगल करतेस, पण मी त्यांना विसरू शकत नाही. ऑफिस म्हणजे काय ते मला कळतं गं. लोकांना नियमांचा जाच वाटतो, पण नियम नसते तर काय झालं असतं ते आपण पाहिलंय की. दादाला मागच्या इमारतीत हलवलं तेव्हा तूही तापानं आडवी व्हायच्या बेतात होतीस. मी इथे, सगळ्या गाड्या बंद. मी वेडी झाले असते. त्या दिवसांत रोज संध्याकाळी न चुकता साहेबांचा फोन यायचा. जेवला, झोपला, आज जरा बसला होता. एवढा व्याप असताना कोण करतं इतकं?

आणि तो निरोप. तुला तेव्हा सांगितला होता, पण तू ऐकण्याच्या अवस्थेत नव्हतीस. मंगळवार होता, मला पक्कं आठवतं, कारण आमच्याकडची दुकानं त्याच दिवशी पहिल्यांदा उघडली आणि मी पिशवी घेऊन दारात उभी असतानाच फोन वाजला. साहेब म्हणाले, तुमच्या भावानं मुद्दाम सांगायला सांगितलंय, ‘ताईला म्हणावं, बरं वाटलं की आधी तुझ्याकडेच येतो.’ मला तो जन्मात ताई म्हणाला नाही. बुटकी म्हणायचा. पण साहेबांनी ते जरा सभ्य करून सांगितलं असणार. गुरुवारी सकाळी तो गेल्याचा फोन आला.

तू हसशील, पण निरोप आला त्याच मंगळवारी मी मागची खोली रिकामी केली होती. खाट टाकली, उशी उन्हात घातली. ती खाट अजून तशीच आहे. चादर दर आठवड्याला बदलते. वेडेपणा आहे, कळतं मला. पण सगळं जग कोसळत असताना त्याला शेवटी माझी आठवण झाली होती, या एका गोष्टीवर मी ते दिवस काढले. अजूनही काढते. ज्या माणसांनी तो निरोप माझ्यापर्यंत पोचवला, त्यांच्यावर मी अविश्वास कसा दाखवू?

तू तिथेच राहा. मला निवांत झोप लागते त्यामुळे.

तुझी,
वन्सं


२ फेब्रुवारी
(हे पत्र पाठवलं नाही.)

वन्सं,

आता तुला सगळं सांगते. नाहीतर तू सही करणार नाहीस, आणि मी इथे कुजत बसेन.

तुझे दादा शनिवारी गेले. शनिवारी पहाटे. ऑफिसनं आपल्याला सांगितलं गुरुवारी. त्या आठवड्यात वरून तपासणीला माणसं यायची होती, आणि मागच्या इमारतीत एकदम इतकी माणसं गेली हे दिसू नये म्हणून त्यांतल्या काहींना कागदावर आणखी थोडे दिवस जिवंत ठेवलं. चेहरा कुणालाच बघू देत नव्हते, मग विचारणार कोण? मागच्या इमारतीत काम करणारी मदतनीस बाई नोकरी सोडून गेली तेव्हा माझ्याजवळ रडून हे बोलली. तुझा निरोप मंगळवारचा. मंगळवारी कोण निरोप देणार होतं?

थांब, अजून आहे. तुझ्यापेक्षा माझी फजिती मोठी.

त्यांना मागे हलवलं तेव्हा आमचं ठरलं होतं. माझ्या मजल्यावरच्या पॅसेजच्या टोकाला खिडकी आहे, तिथून त्यांची खिडकी दिसायची. रोज सकाळी ते गजाला टॉवेल वाळत घालणार. टॉवेल दिसला की मी हात हलवायचा. तुला तर माहीतच आहे त्यांचं कापड वाळत घालणं. दोन झटके देऊन, काठाला काठ लावून, खालची किनार ओढून सरळ. लाँड्रीतली पोरं म्हणायची, शेठ दोरीवरच इस्त्री करतात. आणि घरात माझ्यावर रागावले की दिवसभर तोंडातून शब्द काढायचे नाहीत, पण घरातली धुणी मात्र मुद्दाम बोळा करून दोरीवर फेकायचे. तो बोळा दिसला की मी समजायचे, आज पारा चढलाय.

शुक्रवारी त्यांचा इंटरकॉमवर फोन आला. म्हणाले, मला इथून बाहेर काढ. बरंच काही म्हणाले. मी म्हटलं, नियम आहेत, डॉक्टर सांगतील तसं करा, शहाण्यासारखं वागा. त्यांनी फोन आपटला.

शनिवारी सकाळी गजावर टॉवेलचा बोळा होता. मला वाटलं, रागावलेत. मला हसू आलं आणि संतापही. एवढ्या आजारात नखरे! मी हात हलवला नाही. रविवारी परत बोळा. मीही हट्टाला पेटले, खिडकीपाशी गेले आणि त्यांना दिसेल अशी पाठ फिरवली. सोमवारी, मंगळवारी, तेच. मी एका मेलेल्या माणसावर रुसून बसले होते गं. तो टॉवेल मदतनीस बाई टाकत होती. ऑफिसनं सांगितलं होतं तिला, आजींना धक्का बसू नये म्हणून रोज टाकत जा. तिला बिचारीला काय माहीत कापड कसं वाळत घालतात ते.

मी आयुष्यभर सांगितलं तसं वागणारी बाई. डावीकडून चाला म्हटलं की डावीकडून. त्या माणसांवर विश्वास ठेवून मी नवऱ्याला शहाण्यासारखं वागा म्हटलं. आता यांच्या हातून सकाळची गोळीसुद्धा घेववत नाही मला. तीच खिडकी समोर आहे. तिला आता नवी काच बसवलीय.

हे पाठवलं की तू सही करशील. त्याच दिवशी करशील. आणि तुझी ती खाट

(पत्र इथेच सोडलेलं.)


३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुझं पत्र पोचलं. तू माझी काळजी करतेस ते मला कळतं. त्यावर वाद घालत नाही.

फक्त परत एकदा विचारते. मला इथे गुदमरल्यासारखं होतं. याहून वेगळं कारण माझ्याकडे मागू नकोस, एवढंच पुरेसं धर आणि चिठ्ठी पाठव. शिंपीणबाई महिनाअखेरपर्यंत खोली थांबवून ठेवणार आहेत.

दात आता खरंच दुखायला लागलाय.

तुझी,
वहिनी


२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

किती शांतपणे लिहिलंस! मला वाटलं होतं तू मला फाडून खाशील. वाचून बरं वाटलं. मनानं तू तिथे रमलीयस, फक्त अधूनमधून उचल खातेस, असं मला वाटतं. माझंही होतं तसं.

गुदमरण्याचं मात्र मनावर घेतलं. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, बाईंची घालमेल होते खरी, परवा जेवणघरात त्यांनी गोळ्या परत दिल्या, फाटकापाशी जाऊन उभ्या राहतात. त्यांनीच मार्ग सुचवला. मागच्या इमारतीत खालच्या मजल्यावर देखरेखीची खोली रिकामी झालीय. चोवीस तास नर्स. जिने नाहीत. रात्री दिवा असतो. नवीन रंग दिलाय म्हणे सगळीकडे.

तुला न विचारता काही करायचं नव्हतं, पण खोली दुसऱ्या कुणाला जाईल असं ते म्हणाले, म्हणून मी तोंडी हो म्हणून टाकलंय. संमतीचा कागद येत्या आठवड्यात पाठवते. दादा जिथे शेवटचे दिवस राहिला तिथेच तूही असशील. तुला तेवढीच सोबत वाटेल असं माझ्या मनात आलं. चुकलं का माझं?

दाताचं दुखणं अंगावर काढू नकोस.

तुझी,
वन्सं


१ मार्च

प्रिय वन्सं,

पाकिटावरचा पत्ता बघितलास ना? शिंपीणबाईंच्या दुकानावरून लिहितेय. गॅलरीत बसून, मांडीवर इस्त्रीचं फळकूट घेऊन.

तुझं पत्र वाचलं. मग मी बॅग भरली. फार काही नव्हतंच. कपडे, औषधं, तुझ्या दादांची जुनी इस्त्री. फाटकापाशी गेले. रखवालदार म्हणाला, “आजी, पास?” म्हटलं, “पास नाही.” “मग कसं सोडू?” “कुलूप काढून.” तो गोंधळला. चांगला आहे तो. म्हणाला, वर विचारून येतो. म्हटलं, ये विचारून, आणि बॅग ठेवून फाटकाच्या मधोमध बसले तिच्यावर.

साखरसाहेब आले. चहा घ्या म्हणाले, आत बसून बोलू म्हणाले, तुमच्या भल्यासाठीच आहे हे सगळं म्हणाले. मी विचारलं, “मी कैदी आहे का? हो की नाही, एवढंच सांगा.” “छे छे, काय बोलता!” “मग उघडा.” “उघडलं असतं हो, पण नणंदबाईंची संमती...” एवढ्यात बाहेर भाजीचा टेम्पो येऊन हॉर्न मारायला लागला. मलासुद्धा ऐकू आला, म्हणजे बघ. तो काही थांबेना. वरच्या खिडक्यांतून, त्या वीतभर फटींतून, सगळे बघत होते. शेवटी साहेबांनीच रखवालदाराला खूण केली, फाटक उघडलं, टेम्पो आत आला आणि मी बाहेर गेले. भाजीला पास लागत नाही, वन्सं. कुणी मला हात लावला नाही. मागून नुसते “अहो बाई, अहो बाई” करत राहिले.

इतकी वर्षं मी त्या पासाची वाट बघत होते.

इथे दाराला आतून कडी आहे. पहिल्या दिवशी मी ती लावली, काढली, परत लावली. लहान मुलासारखं. मग पलंगावर बसून खूप रडले. तुझे दादा हवे होते गं हे बघायला. रस्त्यावर काहीही दिसलं की मी मान वळवते, सांगायला. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीत फोन घेतो, ते गिऱ्हाईक साबण सुकेपर्यंत बसून राहतं. कुणाला सांगू? शिंपीणबाई भल्या आहेत, पण त्या हसतात ते वेगळ्याच जागी. तुझे दादा नेमके तिथेच हसले असते. बाहेर आल्यावर त्यांची आठवण कमी होईल असं मला वाटलं होतं. वाढलीय.

तू मागच्या इमारतीला हो म्हणालीस, त्याचा राग नाही. तुला माहीत नव्हतं. मला आता तुझी सही नको. तू हवीस, ये कधीतरी.

तुझी,
वहिनी


९ मार्च

वहिनी,

साहेबांचा फोन आला तेव्हा मी तोंडात बोटच घातलं. फाटकात बॅगेवर बसून राहिलीस! सगळ्यांसमोर! मी त्यांना शब्द दिला होता, आणि तू मला तोंडघशी पाडलंस. ते बिचारे मलाच धीर देत होते. मी कोणत्या तोंडानं त्यांच्याशी बोलू?

मी नाही येणार. मी आमच्या गल्लीबाहेरसुद्धा मोजकंच जाते हल्ली, तुला सांगितलं नव्हतं. गर्दी बघितली की जीव घाबरा होतो. तू हिंड खुशाल.

आज विचारतेच. तू मला इतकं सगळं लिहिलंस, न्हाव्याच्या साबणापर्यंत. पण दादाच्या निरोपाबद्दल एक अक्षर नाही. मी मन उघडं करून लिहिलं होतं, आणि तू त्यावर काहीच बोलली नाहीस. शेवटचा निरोप मला आला, तुला आला नाही, हे तुला लागलंय का? बायको तू, आणि आठवण काढली बहिणीची. मी तुझ्या जागी असते तर मलाही लागलं असतं.

तसं असेल तर वहिनी, तो निरोप आपण अर्धा अर्धा घेऊ. ‘आधी तुझ्याकडेच’ म्हणाला, पण नंतर तो तुझ्याकडेच जाणार होता ना. अर्धा तुझाच आहे.

रागावले आहे, तरी लिहिल्यावाचून राहवलं नाही.

वन्सं


१५ मार्च

प्रिय वन्सं,

तुझं पत्र मी गॅलरीत उभ्यानं वाचलं आणि आत येऊन दार लावून घेतलं. अर्धा निरोप देतेस म्हणालीस. आपल्या लग्नघरातल्या भांडणांपासून आजपर्यंत तू मला दिलेलं यापेक्षा मोठं काही मला आठवत नाही. ते घेऊन गप्प बसावं असं फार वाटलं.

पण ते जमायचं नाही. बस आधी. त्या खाटेवर नको, दुसरीकडे बस.

तुझे दादा शनिवारी पहाटे गेले. गुरुवारी नाही. तपासणीची माणसं येणार होती म्हणून ऑफिसनं ते लपवलं. मागच्या इमारतीतल्या मदतनीस बाईनं मला नंतर सांगितलं, तिनं स्वतः बघितलं होतं. तुझा निरोप मंगळवारचा आहे. तो दादांचा नव्हता. साखरसाहेबांनी रोज संध्याकाळी काहीतरी गोड सांगायचं, तसं त्या दिवशी ते सांगितलं.

मी हे फेब्रुवारीतच कळवलं असतं तर तू लगेच सही करून पाठवली असतीस. लिहिलंही होतं, पाठवलं नाही. तुझ्या जिवाचा आधार काढून घेऊन माझं फाटक उघडायचं, हे मला करवलं नाही. आता मला तुझ्याकडून काहीच मिळवायचं नाही, म्हणून सांगू शकते. न सांगता राहिले असते, पण मग मी तुझ्याशी तेच केलं असतं जे त्यांनी माझ्याशी केलं. धक्का बसू नये म्हणून. तुझ्या भल्यासाठी. तू काही लहान नाहीस. तुझा भाऊ कधी गेला हे तुला माहीत असायला हवं.

त्यांचं शेवटचं बोलणं शुक्रवारी माझ्याशी झालं, आणि ते चांगलं झालं नाही. ते फार चिडले होते. काय बोलले ते लिहीत नाही, तुला त्रास होईल.

मला माफ कर म्हणणार नाही. पण तुझी आठवण येते गं. त्या सगळ्या घरात त्यांना ओळखणारं आता तुझ्यामाझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

तुझी,
वहिनी


४ एप्रिल

वहिनी,

तुला परत लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. इतका राग आला होता. तुझा का, ते सांगता येत नाही. तूच हाताशी होतीस म्हणून असेल.

साहेबांना फोन केला. विचारलं, मंगळवारी माझ्या भावाशी कोण बोललं होतं, त्या माणसाशी मला बोलायचंय. ते म्हणाले, बघून सांगतो ताई. दुसऱ्या दिवशी परत केला. मग रोज. मी ऑफिसात जन्म घालवलाय, ‘बघून सांगतो’ म्हणजे काय ते मला तरी कळायला हवं होतं. आता माझा नंबर दिसला की तिकडे कुणी फोन उचलत नाही.

मी त्याची वाट बघत होते गं. गेलाय हे माहीत असूनसुद्धा. बेल वाजली की दार उघडेपर्यंतच्या वेळात तोच असायचा बाहेर. तू सांगितलं नसतंस तर मी अशीच बघत राहिले असते, आणि सुखातही राहिले असते. तरी सांगितलंस ते बरं केलंस. हे आज लिहवतंय. गेल्या आठवड्यात नसतं लिहवलं.

आणि हे काय, ‘काय बोलले ते लिहीत नाही, तुला त्रास होईल’? परत तेच! मला ते ताई म्हणणारं गोड बोलणं नको. तो खरा काय ओरडला ते हवंय. शब्दन् शब्द, शिव्या असतील तर शिव्यांसकट. माझ्या भावाचं शेवटचं खरं बोलणं ते आहे, आणि ते तू एकटी घेऊन बसलीयस. पत्रात लिहू नकोस, तू गाळशील, मी ओळखून आहे तुला. समोर बसून सांग, त्याचा आवाज काढून. तुला तो हुबेहूब येतो.

गुरुवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. स्टेशनवर जाऊन, रांगेत उभं राहून. मागचा माणूस दोनदा म्हणाला, बाई पुढे सरका. सरकले.

रागावलेलीच येणार आहे. गाडीतून उतरल्यावर तुझ्याशी धड बोलेन असंही नाही. तरी घ्यायला ये.

वन्सं